राक्षस बाळाला कसं झोपवतात?

२०२०च्या लॉकडाउनमध्ये होस्टेल सोडून मी किकवीला घरी आलो. पुणे-सातारा हायवे इतका गप्प मी जन्मात पाहिला नव्हता. घरात रेंज नाही, गच्चीवर यायची. म्हणून रोज रात्री जेवणं उरकली की गोधडी पांघरून गच्चीवर बसायचो आणि कॉलवरच्या पाच मित्रमैत्रिणींना एका भलत्याच जगात घेऊन जायचो. ज्यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळलेलं नाही त्यांच्यासाठी: बाकीचे एकेक पात्र घेतात आणि एक जण सूत्रधार होतो. गावं, राजे, हवामान, भुतंखेतं, सगळं त्याच्या ताब्यात. आमचा सूत्रधार मी होतो आणि मला भाषा बनवायचं वेड लागलं होतं.

हे वेड टोल्किनचं. त्याच्याकडे भाषा आधी आल्या, त्या बोलणारी मंडळी आणि त्यांच्या गोष्टी नंतर. क्वेन्या त्याला फिनिशवरून सुचली, सिंदारिन वेल्शवरून. म्हटलं, आपणही करू. माझ्या जगात यक्ष होते, त्यांना मी ल, म, य आणि लांब स्वर दिले. डोंगराच्या पोटात राहणाऱ्या बुटक्यांची भाषा मोडी लिपीसारखी केली, हात न उचलता लिहिल्यासारखी, शब्दाला शब्द चिकटलेला. आणि राक्षसांना दिले ट, ठ, ड, ळ. घशातून येणारं, तुटक, अंगावर येणारं काहीतरी. शब्दांची एक शीट केली होती. राक्षसांचे दोनशेच्या वर शब्द झाले. मार, जाळ, तोड, हाड, रक्त, पळ, मालक, साखळी.

सगळेच शब्द डोक्यातून निघत नाहीत. लहानपणी आमच्याकडे दर वर्षी पावसाळ्याआधी कैकाडी यायचे, हायवेजवळच्या मोकळ्या जागेत उतरायचे. टोपल्या, कणग्या विणायचे. त्यांचं आपसातलं बोलणं मी लांबून ऐकायचो. अर्थ कळायचा नाही, पण चाल डोक्यात बसली होती आणि पाचसात शब्दही. राक्षसांची भाषा करताना ते आपसूक आले. 'आपसूक' हा शब्द मी मुद्दाम ठेवतोय, कारण पुढे बरेच दिवस मी स्वतःला तेच सांगत होतो.

सहाव्या की सातव्या रात्री राक्षसांची टोळी आली. मी आवाज बदलून त्यांचे संवाद म्हटले. सगळे हसले, कुणीतरी 'खतरनाक' म्हणालं. आमच्यातली एक मैत्रीण मात्र गप्प झाली. ग्रुपमध्ये सगळ्यात स्वच्छ मराठी तिचं, माझं 'पानी' तीच सुधारायची. कॉल संपल्यावर तिचा मेसेज आला: "तू तो 'तोड' म्हणून शब्द वापरलास ना, त्याने माझी आजी आम्हाला जेवायला बोलवायची."

ती कैकाडी आहे हे तीन वर्षांत आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. (हे सगळं मी तिला विचारून लिहितोय. तो शब्द मात्र इथे लिहीत नाही. एकदा उचलला तेवढं पुरे.)

मी लगेच बचावाला उभा राहिलो. अगं, खेळ आहे. आणि कुठलीही बनवलेली भाषा शेवटी खऱ्या भाषांच्याच मातीतून येते ना? हे खोटं नाहीच. 'स्टार ट्रेक'साठी क्लिंगॉन भाषा घडवणारा मार्क ओक्रँड मुळात कॅलिफोर्नियातल्या मुत्सुन या मूळनिवासी भाषेच्या व्याकरणावर पीएच.डी. केलेला माणूस. ती अस्खलित बोलणारं शेवटचं माणूस १९३० मध्येच गेलं होतं. त्याचा क्लिंगॉन शब्दकोश १९८५ मध्ये आला आणि जगभर खपला. पण गोष्ट तिथे संपत नाही. मुत्सुन समाजातले लोक पुढे आपली भाषा पुन्हा उभी करायला लागले, तेव्हा ओक्रँडचं तेच व्याकरण त्यांच्या कामी आलं. म्हणजे घेणं हाच गुन्हा नाही. घेऊन कुणाच्या तोंडी घातलं, हा प्रश्न राहतो.

२०१५ मध्ये 'बाहुबली' आला तेव्हा आमच्या आळीतली पोरं तोंडाला काजळी फासून कालकेय व्हायची आणि जीभ टाळूला आपटून किलिकी बोलायची. मदन कार्कींनी ती भाषा मेहनतीने रचली होती, शब्दसंग्रह आणि व्याकरणासकट. तिच्यात जिभेचे टकटक आवाज आहेत. तसे आवाज झुलू, खोसा या आफ्रिकेतल्या भाषांमध्ये साधी व्यंजनं म्हणून येतात, त्यांत प्रेमपत्रं लिहिली जातात. आपणही तो आवाज काढतो, फक्त बैल हाकताना. तर पडद्यावर काळीकुट्ट, दात विचकणारी टोळी आली आणि तिने टकटक केलं की आपल्याला भाषांतर लागत नाही. ही माणसं मारण्यासाठीच आलीत, हे कानालाच कळतं. मी गच्चीवर बसून नेमकं तेच करत होतो, फक्त माझं बजेट कमी होतं.

या खेळाचा इतिहास वाचला तेव्हा आणखी एक गोष्ट सापडली. १९७४च्या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक पक्षाला स्वतःची भाषा होती. 'कायदा' या बाजूच्यांची एक, 'अंदाधुंदी'च्या बाजूच्यांची दुसरी. म्हणजे तोंड उघडलं की नियत कळणार. पुढे कितीतरी वर्षं पुस्तकांत ऑर्कच्या नावापुढे 'दुष्ट' असं छापलेलं असायचं, जन्माबरोबर आल्यासारखं. २०२४च्या नव्या पुस्तकात 'रेस' हा शब्दच काढून टाकला, तेव्हा जुन्या खेळाडूंनी बराच आरडाओरडा केला. खेळात राजकारण कशाला आणता, वगैरे.

मला मात्र १८७१ आठवतं. त्या वर्षी इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. काही जमातींच्या नावापुढे सरकारी कागदावर जन्मतःच 'दुष्ट' लिहिलं गेलं. पोलिसांकडे हजेरी लावायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. त्या यादीत कैकाडीही होते. आणि जी बोली पाटलाला कळत नाही ती चोरांची सांकेतिक बोली, हा समज गावोगाव होताच. कैकाडी ही द्राविडी कुळातली भाषा, तमिळची नातेवाईक. कुणापासून काही लपवायला ती जन्माला आलेली नाही. १९५२ मध्ये ३१ ऑगस्टला तो कायदा गेला. लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' १९८० मध्ये आलं, त्याला साहित्य अकादमी मिळालं, ते मी अकरावीत वाचलं, वहीत टिपणं काढली. आणि तरीही माझ्या शीटमध्ये तो शब्द 'तोड' या अर्थाने बसला होता. वाचून माणूस सुधारतो यावर माझा तेव्हापासून फारसा विश्वास नाही.

मी तिला म्हटलं, ते सगळे शब्द उडवतो. मला वाटलं, झालं, प्रश्न मिटला. तिचं उत्तर आलं, "मग तुझ्या जगात आमच्यासारखं कोण बोलतं?"

इथे मी खरा अडकलो. ठेवले तर शिवी, काढले तर आम्ही त्या जगात नाहीच. यक्षांना संस्कृतची छटा द्यायला मी कुणाची परवानगी मागितली नव्हती, आणि त्यात कुणाला वावगंही वाटलं नसतं. ज्या भाषेला हजार ठिकाणी मान आहे तिला एका ठिकाणी राक्षसाच्या तोंडी घातलं तर गंमत होते. जी भाषा तुम्ही फक्त एकाच ठिकाणी ऐकणार आहात, ती तिथे कोण बोलतंय यावर तिचं सगळं ठरतं. माझ्या पाच खेळाडूंपैकी चौघांनी कैकाडीची चाल आयुष्यात पहिल्यांदा ऐकली ती माझ्या राक्षसाकडून.

"आणि एक सांग," तिने पुढे विचारलं, "तुझे राक्षस बाळाला झोपवताना काय म्हणतात?"

मी शीट उघडली. मारायला सात शब्द होते. आई नव्हतं, भूक नव्हतं, झोप नव्हतं, थट्टा नव्हतं. राक्षस क्रूर आहेत असं मी कुठेच लिहिलं नव्हतं, त्यांना दुसरं काही म्हणायची सोयच ठेवली नव्हती.

त्याच आठवड्यात आत्या गच्चीवर वाळवण गोळा करायला आली आणि थांबून ऐकत राहिली. मी त्या वेळी खानावळवाल्याचं पात्र करत होतो. "कुटं निगाला पाव्हणं, च्या तरी घ्या की." कॉलवर हशा पिकला. आत्या म्हणाली, "ह्ये तर माझ्यावानी बोलतंय रं." तिला गंमत वाटली होती. मला नाही वाटली. पुण्यात पहिल्या वर्षी माझ्या याच बोलण्याला लोक हसले होते, मी सहा महिन्यांत ते धुऊन काढलं, आणि स्वतःचं जग बनवायची मुभा मिळाल्यावर ते नेऊन ठेवलं कुठे, तर खानावळीत, हशा पिकवायला. यक्षांच्या राणीला किकवीचं बोलणं द्यावं असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. कुणी सांगावं लागतच नाही.

नंतर राणीला मी आमची बोली देऊन पाहिली. पहिल्या दिवशी सगळे हसले, दुसऱ्या दिवशी कमी. चौथ्या दिवशी तिने एकाला फाशी सुनावली, "न्हेऊन लटकवा त्याला," तेव्हा कुणी हसलं नाही. आता फाशीशिवायही राणीला कुणी हसू नये, तिथवर अजून पोचलेलो नाही.

राक्षसांचं काम मैत्रिणीने स्वतःकडे घेतलं. तिने राक्षसांतली एक म्हातारी सुईण खेळायला घेतली, कमरेत वाकलेली, तोंडाने फटकळ. माझे उचललेले शब्द तिने उडवले नाहीत, त्यांचे अर्थ दुरुस्त केले. काही आजीचे म्हणून, काही आईला फोन करून विचारून. काही नवे तिने सरळ बनवले आणि कुठले खरे, कुठले बनवलेले ते मला सांगितलं नाही. शीटवर आता चारशेच्या आसपास ओळी आहेत. त्यातल्या एका ओळीत अर्थाच्या रकान्यात तिने लिहिलंय, 'बाळाला झोपवताना'. शब्दाचा रकाना रिकामा आहे. मी एकदा विचारलं, राहिला का भरायचा? ती म्हणाली, "नाही. तो तुला देणार नाहीये."