ठरावातले ऐक्य आणि पंगतीतले ऐक्य

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चसंस्थांनी आपली जुनी नावे सोडली आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाली. अँग्लिकन, आधीच एकवटलेले प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट असे हे सहा प्रवाह. वाटाघाटी 1929 पासून चालल्या होत्या. बिशप असावा की नसावा, बाप्तिस्मा बाळपणी द्यावा की जाणतेपणी, या प्रश्नांवरून युरोपात माणसे तुरुंगात गेली, देशोधडीला लागली, मारलीही गेली. नागपुरात मात्र बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती एका छताखाली नांदू शकतात असे मान्य झाले. अमेरिकन परंपरेतली मेथडिस्ट मंडळी अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिली, तरी जे घडले त्याचे मोल कमी होत नाही. चाळीस वर्षे धीराने एकमेकांचे ऐकून घेणे हीही प्रीतीच आहे.

पण त्यानंतर काय झाले? गुजरातेतल्या ब्रदरेन मंडळीची मालमत्ता एकीकरणामुळे नव्या चर्चकडे आली की नाही, हा वाद कनिष्ठ न्यायालयापासून चढत चढत सर्वोच्च न्यायालयात पोचला. नुसत्या विलीनीकरणाच्या ठरावाने ती मालमत्ता नव्या चर्चची होत नाही, असा निकाल 2013 साली लागला. निकालाबद्दल माझे काही म्हणणे नाही. समोर आलेल्या प्रश्नाला न्यायालयाने कायद्याने उत्तर दिले. मला बोचते ते एवढेच, की एकाच प्रभूचे नाव घेणाऱ्यांना आपण एक आहोत की नाही हे न्यायाधीशांना विचारावे लागले. आणि हे प्रकरण एकटे नाही. बंगले, शाळांची मैदाने, दवाखान्यांच्या जागा यांवरून मंडळ्यांमंडळ्यांत चाललेले दावे ख्रिस्ती समाजातल्या कोणालाही नवे नाहीत.

म्हणून मला वाटते की विश्वासणाऱ्यांच्या ऐक्याचा विचार आपण चुकीच्या टोकाकडून करत आलो. आधी घटना, मग समित्या, मग संयुक्त उपासना, आणि या सगळ्यातून कधीतरी प्रीती उगवेल, अशी आपली समजूत. येशूने शिष्यांना जी नवी आज्ञा दिली तिच्यात क्रम उलटा आहे. एकमेकांवरच्या प्रीतीवरून लोक तुम्हांला माझे शिष्य म्हणून ओळखतील, असे तो म्हणाला. ही प्रीती म्हणजे मनातला ओलावा नव्हे. ती आज्ञा देण्याआधी त्याने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले होते, आणि ते काम त्या काळी घरातल्या चाकराचे होते. आपला मान, आपला हक्क, आपली जागा सोडणे हाच तिचा आशय आहे, आणि ऐक्य उभे राहायचे ते त्यावर.

आपल्याकडची पंथभेदाची गोष्ट तर आणखी विचित्र आहे. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली अहमदनगरला ठाणे केले म्हणून नगरकडचे ख्रिस्ती काँग्रिगेशनल झाले. कोल्हापुरात अमेरिकन प्रेस्बिटेरियन पोचले, नाशकात इंग्लंडमधली चर्च मिशनरी सोसायटी, पुण्यात स्कॉटिश मिशन, म्हणून तिकडचे लोक त्या त्या पंथाचे. नगर जिल्ह्यातल्या खेड्यातल्या माणसाने सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधले चर्चच्या कारभाराचे वाद अभ्यासून पंथ निवडला नव्हता. मिशनऱ्यांनी आपसात हद्दी ठरवल्या आणि माणूस ज्या हद्दीत राहत होता तो त्याचा पंथ ठरला. परक्यांची भांडणे आपण वारसाहक्काने घेतली आणि पुढे ती आपलीच असल्यासारखी जपली.

हे सर्वांत स्पष्टपणे ओळखले ते व्ही. एस. अझरय्या यांनी. 1912 साली दोर्णकलचे बिशप झालेले ते पहिले भारतीय अँग्लिकन बिशप. त्याआधी दोन वर्षे एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत त्यांनी भरसभेत सांगितले होते की मिशनऱ्यांनी आमच्यासाठी त्याग केला, पण आम्हांला बरोबरीचे मित्र मानले नाही. सभेतले अनेक जण नाराज झाले. पुढे दक्षिण भारतातल्या चर्चच्या एकीकरणासाठी अझरय्या आयुष्यभर झटले. 27 सप्टेंबर 1947 रोजी मद्रासमध्ये ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ स्थापन झाली तेव्हा ते हयात नव्हते. 1945 च्या पहिल्याच दिवशी त्यांचे निधन झाले होते. त्यांच्या दोन मागण्यांत मला एकच सूत्र दिसते. गोऱ्या मिशनऱ्याने भारतीय सहकाऱ्याला आपल्या टेबलाशी बसवावे आणि निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्यांनी एका प्रभूभोजनाला बसावे, या त्यांच्या लेखी वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

जेवणाची गोष्ट मी मुद्दाम काढतो, कारण पहिल्या शतकातल्या मंडळ्या फुटल्या त्या जेवणावरून. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर मोकळेपणी जेवत असे. यरुशलेमेहून काही यहूदी मंडळी आली आणि त्यांच्या धाकाने तो त्या पंगतीतून उठला. त्याचे पाहून बर्णबाही उठला. तेव्हा पौलाने सर्वांसमक्ष पेत्राला धारेवर धरले. पेत्र कोण होता? प्रेषितांमधला अग्रणी. त्याला चारचौघांत बोलणे म्हणजे मंडळीत फूट पाडणे, असा सल्ला पौलाला तेव्हाही कोणीतरी दिला असेल. आजही लोक हाच सल्ला देतात. पण पंक्तिभेद झाकून राखलेली शांतता पौलाला ऐक्य वाटली नाही. करिंथ येथेही तेच झाले. सधन लोक आधी येऊन पोटभर खात, कामावरून उशिरा येणारे गरीब उपाशी राहत, आणि त्याला ही मंडळी प्रभूचे भोजन म्हणत. या मंडळीला लिहिलेल्या पत्रातच प्रीतीवरचा तो प्रसिद्ध अध्याय आहे, जो आज आपण लग्नात वाचतो. ज्यांना एकमेकांसाठी ताटावर थांबणे जमत नव्हते अशांना तो लिहिलेला होता.

पंक्तिभेद काय असतो हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे परतल्या तरी सोवळेओवळे त्यांनी एकदम सोडले नाही. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हा प्रवास विलक्षण प्रांजळपणे लिहिला आहे. जातिभेद देवाने केलेला नाही हे त्यांच्या मनाने घेतले ते बाप्तिस्म्याच्या आधी. टिळकांनी सक्ती केली नाही, वाट पाहिली. मला या क्रमाचे फार महत्त्व वाटते. पाण्याचा संस्कार नंतर झाला, दुसऱ्याच्या हातचे पाणी आधी प्यायले गेले. आपल्याकडच्या कितीतरी घराण्यांत हे उलटे घडले: बाप्तिस्मा झाला, नावे बदलली, रविवारची उपासना सुरू झाली, पण जुनी जात सोयरिकीच्या वेळी जागी होत राहिली.

खुद्द टिळकही पुढे मिशनच्या चौकटीत मावेनासे झाले. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताला मानणाऱ्यांचा बंधुवर्ग, मग बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार फार पसरला नाही. पण त्यांची भजने आज मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत पंथ न विचारता गायली जातात. ज्या दोन मंडळ्या कोर्टात समोरासमोर उभ्या असतात त्याही रविवारी तीच भजने म्हणतात. हे पाहून मला आशाही वाटते आणि लाजही.

प्रीती म्हणजे मतभेद गिळणे, असा एक गैरसमज आहे. त्याला पंडिता रमाबाईंइतके चांगले उत्तर दुसरे नाही. 1883 साली इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लगेच तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा वाद सुरू झाला. चर्चने सांगितलेली प्रत्येक गोष्ट केवळ चर्च सांगते म्हणून मानायला रमाबाई तयार नव्हत्या. मला बायबल वाचून स्वतः पटले पाहिजे, हा त्यांचा हट्ट. जेराल्डिनना तो अहंकार वाटे आणि त्या तसे स्पष्ट लिहीत. दोघींची पत्रे वाचताना काही ठिकाणी आपल्यालाच चटका बसतो, इतकी ती कडक आहेत. तरीही रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत राहिल्या, लेक मनोरमेच्या शिक्षणाची काळजी दोघींनी मिळून वाहिली, आणि ती सारी पत्रे जपून ठेवली ती जेराल्डिन यांनीच. एकमत कधीच झाले नाही. नाते मात्र दोघींनीही मोडले नाही. केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आणलेल्या मुलींना आसरा देताना रमाबाईंनी कोणत्या पंथाचा शिक्का मिरवला नाही. मूळ भाषांमधून केलेले त्यांचे मराठी बायबल 1924 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले.

अलीकडे ऐक्याची भाषा पुन्हा जोरात ऐकू येते, आणि तिचे कारण उघड आहे. 2008 साली ओडिशातल्या कंधमालमध्ये ख्रिस्ती लोकांवर तुटून पडलेल्या हल्लेखोरांनी कॅथलिक कोण आणि बॅप्टिस्ट कोण हे पाहून घरे जाळली नाहीत. संकटात माणसे जवळ येतात, यावीत. पण भीतीने जोडलेली माणसे भीती सरली की पांगतात. आणि भीतीपोटी झालेल्या एकजुटीत पहिला बळी जातो तो घरातल्या प्रश्नांचा: ‘आत्ता बाहेर एवढे चालले आहे, आपापसातले कशाला काढता?’ हे वाक्य दलित ख्रिस्ती माणसाने किती वेळा ऐकले असेल! 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंना दिल्या. 1956 साली शिखांना आणि 1990 साली बौद्धांना त्यात सामावून घेतले, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिला. सरकारदरबारी तो ख्रिस्ती म्हणून वगळला जातो आणि मंडळीत दलित म्हणून. तमिळनाडूतल्या काही गावांत दफनभूमीत जातीची भिंत असल्याचे सर्वश्रुत आहे. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने 2016 साली दलितांविषयीचे धोरण जाहीर केले, त्यात चर्चमध्ये भेदभाव आहे हे कबूल केले. ही कबुली मला अनेक ऐक्य-सप्ताहांपेक्षा मोलाची वाटते, कारण पौलाने पेत्राला जे म्हटले ते येथे मंडळीने स्वतःला म्हटले.

प्रीती जिथे खरी असते तिथे ती पंथाची कुंपणे गाजावाजा न करता ओलांडते. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो कॅथलिक धर्मगुरू होते. त्यांचे ‘सुबोध बायबल’ प्रोटेस्टंट घरांतही वाचले जाते आणि ख्रिस्ती नसलेल्या घरांतही. त्यांना कोणाला आपल्या कळपात ओढायचे नव्हते. आपल्याला जे मिळाले ते आपल्या भाषेच्या माणसांना द्यायचे होते.

जानेवारीतल्या 18 ते 25 तारखांना ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा पाळला जातो. निरनिराळ्या मंडळ्यांचे पाळक आणि धर्मगुरू एका व्यासपीठावर येतात, शाली दिल्या जातात, फोटो निघतात. तो आठवडा अवश्य पाळा. पण येत्या आठवड्याआधी प्रत्येक मंडळीच्या कमिटीने तीन गोष्टी टेबलावर घ्याव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दुसऱ्या मंडळीविरुद्ध आपण लावलेला कोणता दावा आपण मागे घेऊ शकतो? आपल्या दफनभूमीत दुसऱ्या पंथाच्या किंवा दुसऱ्या वस्तीतल्या माणसाला जागा नाकारणारा कोणता नियम आपण रद्द करू शकतो? आणि मुलामुलींची स्थळे पाहताना जुनी जात विचारणाऱ्या आपल्याच वडीलधाऱ्यांना आपण समोर बसवून कधी बोलणार आहोत? यांतली एक जरी गोष्ट झाली तरी व्यासपीठावर तीच सांगा.