रोझेलमधले घर

परदेशी शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याने तिथल्या कुटुंबात राहावे, ही पद्धत शाळांच्या सहलींमुळे आज सर्वांच्या ओळखीची आहे. अमेरिकेत डोनाल्ड वॅट यांनी 1932 मध्ये तरुणांचे गट युरोपात नेण्याचा उपक्रम सुरू केला आणि यजमान कुटुंबातला मुक्काम हाच पुढे त्याचा गाभा ठरला. कल्याणला मात्र याचे त्याहून जुने उदाहरण आहे. आनंदीबाई जोशी यांचे माहेर कल्याणचे. 1883 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून त्या बोटीने निघाल्या. वय अवघे अठरा, पती सोबत नाहीत. जूनमध्ये न्यूयॉर्कला त्यांना उतरवून घ्यायला थिओडिशिया कार्पेंटर आल्या होत्या. दोघींची ओळख तोवर फक्त पत्रांतली, तरी आनंदीबाईंनी त्यांना मावशी मानले होते. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी, कार्पेंटरबाईंच्या घरात त्या लुगडे नेसून वावरल्या आणि शाकाहारीच राहिल्या. यजमानीणबाईंनी त्यांना बदलू पाहिले नाही, हे त्यांचे मोठेपण. पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातून 1886 मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या. वर्षभरातच पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवल्या आहेत.