धूर दोन प्रकारचा असतो



आजचं चिंतन गीतेच्या अठराव्या अध्यायातल्या ४८ व्या श्लोकावर. भगवंत अर्जुनाला सांगतात, की जे कर्म स्वभावतः तुझ्या वाट्याला आलं आहे, ते सदोष वाटलं तरी टाकू नकोस. अग्नी जसा धुराने वेढलेला असतो, तशी सगळीच कर्मं कुठल्या ना कुठल्या दोषाने वेढलेली असतात.

हा श्लोक माझा फार आवडता. नोकरीत, घरात, नात्यांत काही मनासारखं झालं नाही की मी तो आठवायचे आणि शांत व्हायचे. पण दोन वर्षांपूर्वी हाच श्लोक मी चुकीच्या जागी वापरला. ते आज इथे कबूल करायचं आहे.

तेव्हा आम्ही नुकतेच अमेरिकेत व्हरमाँटमधल्या एका लहान गावात राहायला आलो होतो. जुनं लाकडी घर. तळघरात तेलावर चालणारी हीटिंगची भट्टी आणि बैठकीच्या खोलीत लाकडावरची लोखंडी शेगडी, तिचं धुरांडं छपरातून वर गेलेलं. हिवाळ्यात पारा शून्याखाली २० अंशांपर्यंत उतरतो, आणि तेल महाग. ऑगस्टच्या वादळात अंगणातलं एक मोठं ओकचं झाड पडलं. आम्हाला वाटलं, देवानेच सरपण पाठवलं!

सप्टेंबरमध्ये एकाला बोलावून झाडाचे ओंडके करून घेतले. फोडायचं काम मात्र आम्हीच करायचं ठरवलं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेली मी, कुऱ्हाड कधी हातात धरली नव्हती. इथे फोडायला जाड पात्याची, घणासारखी कुऱ्हाड वापरतात, साधारण साडेतीन किलोची. पहिल्या दिवशी मी ओंडक्याच्या बरोबर मध्यावर घाव घालत होते आणि कुऱ्हाड रबरावर आपटल्यासारखी उडून येत होती. हळूहळू कळलं, की मध्यावर नाही, कडेजवळ मारायचं. जिथे आधीच बारीक चीर पडली आहे तिथे मारायचं. गाठ असेल तर ती बाजूला ठेवून तिच्या आजूबाजूने जायचं. आणि नजर कुऱ्हाडीवर नाही, जिथे घाव पडायला हवा तिथे ठेवायची. लाकडाच्या शिरा ज्या बाजूला जातात त्या बाजूला ते उघडतं, आपल्या ताकदीला ते फारसं विचारत नाही.

नोव्हेंबरपर्यंत भिंतीला लागून मोठी थप्पी उभी राहिली. तिच्यावर निळी ताडपत्री चारी बाजूंनी घट्ट गुंडाळली. फोटो आईला पाठवला. खूप अभिमान वाटत होता. डिसेंबरमध्ये तेच लाकूड जाळायला सुरुवात केली.

लाकूड नीट पेटत नव्हतं. टोकांतून पाणी फसफसायचं, शेगडीची काच काळी व्हायची, आणि धुरांड्यातून दिवसभर करडा, जड धूर निघत राहायचा. आमचं गाव दरीत आहे. थंड, वारा नसलेल्या दिवशी खालची गार हवा तिथेच साचून राहते आणि धूर वर न जाता घरांवर पसरतो. रस्त्यापलीकडे ऐंशीच्या पुढच्या एक आजी एकट्या राहतात. रोज दुपारी टपालपेटीपर्यंत चालत जायच्या. जानेवारीत त्या दिसेनाशा झाल्या. मला वाटलं, थंडी आहे म्हणून.

मग एका संध्याकाळी त्यांची मुलगी दारात आली. भांडायला नाही, अगदी नम्रपणे. म्हणाली, "आईला फुप्फुसांचा जुना विकार आहे. या महिन्यात तिला दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं. तुमच्यामुळेच असं मी म्हणत नाही. पण तुमचा धूर तिच्या घरात येतो, एवढं तुम्हाला माहीत असावं."

मी माफी मागितली. पण दार लावल्यावर मनात पहिला विचार कुठला आला माहितीये? हाच श्लोक. मी नवऱ्याला म्हणाले, "शेवटी प्रत्येक कर्माला धूर असतोच ना. तेल जाळलं तरी प्रदूषण, वीज वापरली तरी कुठेतरी काहीतरी जळतंच. भगवंतांनीच सांगून ठेवलंय."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "भगवंत अग्नीच्या धुराबद्दल बोलतायत. आपला धूर ओल्या लाकडाचा आहे."

त्या रात्री झोप लागली नाही. उठून गीता घेतली आणि तिसरा अध्याय उघडला. कारण धुराचा दृष्टांत गीतेत दोनदा येतो, हे मला वाचून माहीत होतं. पण दोन्ही धूर शेजारी ठेवून मी कधी पाहिले नव्हते. तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो, की इच्छा नसतानाही जणू कुणी बळजबरी करावी तसा माणूस पाप का करतो? भगवंत उत्तर देतात: रजोगुणातून उपजलेला काम, आणि त्याचाच क्रोध. पुढे ३८ व्या श्लोकात म्हणतात, की धुराने अग्नी झाकला जावा, धुळीने आरसा झाकला जावा, वारेने गर्भ वेढला जावा, तसं हे ज्ञान कामाने झाकलं जातं. आणि तिथे ते "चालायचंच" असं म्हणत नाहीत. तो अध्याय संपतो तो या शत्रूला मारून टाक, या आज्ञेवर.

म्हणजे एकच उपमा आणि दोन वेगळे उपदेश. अठराव्या अध्यायातला धूर कर्माच्या जातीतच असतो. तो सोसून कर्तव्य करायचं. तिसऱ्या अध्यायातला धूर आपल्या हव्यासातून उठतो. त्याला सोसायचं नाही, त्याचं मूळ काढायचं. मी काय केलं होतं? तिसऱ्या अध्यायातल्या धुराला अठराव्या अध्यायाचं पांघरूण घातलं होतं. मला फुकटची ऊब हवी होती, आणि ती याच हिवाळ्यात हवी होती. त्या घाईला मी "सहज कर्म" म्हणत होते.

मग मी लाकडाबद्दल नीट वाचलं, जे आधी करायला हवं होतं. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात पाण्याचा वाटा फार मोठा असतो. आग आधी ते पाणी उकळून घालवण्यात खर्ची पडते. त्यामुळे ती गार राहते, आणि लाकडातून निघणारे वायू न जळताच वर जातात. धूर म्हणजे खरं तर न जळालेलं लाकूडच. तोच धुरांड्याच्या आत चिकट काळा थर होऊन बसतो, आणि कधी तो पेटला तर घराला आग लागू शकते. जाळण्याजोग्या लाकडात ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा. भूर्ज किंवा मेपलला त्यासाठी वर्षभर लागतं, आणि ओकला? साधारण दोन वर्षं. आम्ही त्याला जेमतेम चार महिने दिले होते. शिवाय ताडपत्रीत गुंडाळून आतला ओलावा आतच कोंडला होता!

दुसऱ्या दिवशी शेगडी बंद केली. उरलेला हिवाळा महागडं तेल जाळलं, दोन स्वेटर घातले, कुरकुरही केली. आजींकडे गेले, त्यांचीही माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही नवीन आहात, शिकाल." चाळीस वर्षं त्यांनी स्वतः लाकूड जाळलं होतं. खुर्चीत बसूनच त्यांनी मला शिकवलं: "दोन तुकडे एकमेकांवर आपट. टणकन वाजलं तर वाळलं. धप्प वाजलं तर अजून थांब."

मला तेव्हा माझी कोकणातली आजी आठवली. आगोटीच्या तयारीत तिचं पहिलं लक्ष सरपणाकडे असायचं. पाऊस येण्याआधी फोडलेलं, वाळलेलं लाकूड पडवीत रचून झालं पाहिजे, म्हणजे पाहिजेच. ओल्या सरपणाची चूल फुंकून डोळ्यांत पाणी आलेली बाई मी पाहिलेली आहे. पण त्या धुरात आणि माझ्या धुरात एक फरक होता. चुलीचा धूर जी लाकूड लावते तिच्याच डोळ्यांत जातो. माझ्या घराला धुरांडं होतं. माझ्या खोलीत धुराचा वासही नव्हता. माझ्या कर्माचा दोष मी नळीतून वर पाठवत होते आणि तो श्वासात घेत होतं दुसरंच कुणीतरी.

दोष ओळखायची कसोटी मला यातून मिळाली. "प्रत्येक कर्मात दोष असतोच" हे वाक्य मनात आलं, की दोन प्रश्न विचारायचे. पहिला: हा धूर कमी करण्यासाठी जे माझ्या हातात होतं, ते मी केलं का? दुसरा: हा धूर कोणाच्या छातीत जातोय? पहिल्याचं उत्तर "नाही" असेल आणि दुसऱ्याचं "दुसऱ्याच्या" असेल, तर तो श्लोक आपल्यासाठी नाही. निदान अजून तरी नाही.

वसंतात सगळी थप्पी उकलून पुन्हा रचली. खाली लाकडी चौकटी, म्हणजे जमिनीची ओल लागत नाही. एकेरी रांग, मध्ये वारा खेळेल एवढी जागा, टोकांना आडवेउभे तुकडे, आणि झाकण फक्त वरून. मग थांबायचं. उन्हाचं आणि वाऱ्याचं काम आपल्याला करता येत नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही ॲशचं लाकूड जाळलं, ते लवकर वाळतं. ॲश पोखरणारा एक हिरवा किडा २०१८ मध्ये व्हरमाँटमध्ये सापडला, तेव्हापासून इथे ती झाडं बरीच तोडावी लागतात. किडा पसरू नये म्हणून लाकूड मिळतं तिथेच, जवळपास जाळायचं असतं. ओकला मात्र हात लावला नाही.

प्रश्नोपनिषदाच्या सुरुवातीला सहा जिज्ञासू हातात समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे येतात. ऋषी लगेच उत्तरं देत नाहीत. तप, ब्रह्मचर्य आणि श्रद्धा ठेवून अजून एक वर्ष राहा, मग विचारा, असं सांगतात. पूर्वी मला ते वर्ष म्हणजे परीक्षा वाटायची. आता वाटतं, ते वाळण्याचं वर्ष होतं. समिधा ओल्या होत्या असं उपनिषद म्हणत नाही, हा माझाच विचार. पण माणूस ओला असला तर ज्ञानाचा धूरच जास्त होतो, हे स्वतःवरून सांगते.

गेल्या रविवारी ओकचा एक तुकडा फोडून आतल्या बाजूला ओलावा मोजायचं यंत्र लावलं. १७ टक्के. या हिवाळ्यात तो जळेल. पेटवताना पहिली काही मिनिटं धूर होईलच, तो कुणालाच टळत नाही. अठराव्या अध्यायातला धूर तो हाच. आणि ज्या दिवशी वारा पडलेला असेल त्या दिवशी शेगडी लावायची नाही, असं आम्ही ठरवलं आहे. आजी आता पुन्हा टपालपेटीपर्यंत येतात, हळूहळू, मध्ये थांबत. त्या जानेवारीचं ओझं माझ्या मनावर आहे, आणि ते उतरावं असं मला वाटतही नाही.

आज एवढंच करून पाहू या. आपल्या दिवसातला एक असा दोष शोधायचा, ज्याला आपण "चालायचंच" म्हणून सोडून दिलंय. घरकाम करणाऱ्या मावशींशी बोलण्याचा सूर असेल, उशिरा दिलेले पैसे असतील, घाईत पाठवलेला एखादा मेसेज असेल. आणि स्वतःला विचारायचं, हा अग्नीचा धूर आहे की ओल्या लाकडाचा?

राम कृष्ण हरी.