सुरगाठ

शाहूवाडी तालुक्यात आंबा घाटाच्या माथ्यावर पडणारा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. पश्चिमेच्या कड्यावरून कोसळणारे पाणी पाहता पाहता कोकणात उतरते आणि अरबी समुद्रास मिळते. आमच्या बाजूस वळलेले पाणी मात्र कडवीच्या वाटेने वारणेस आणि कासारीच्या वाटेने पंचगंगेस मिळून कृष्णेच्या पदरात पडते व सारी दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. जाताना ते रिकाम्या हाताने जात नाही. सड्यावरच्या जांभ्याची तांबडी माती, काळ्या कातळाची झीज, असा आमच्या डोंगरांचा अंश युगानुयुगे त्या प्रवाहाबरोबर गेला, आणि कृष्णा-गोदावरीच्या मुखासमोर समुद्राच्या तळाशी गाळाचे जे थर साचले त्यांत या तालुक्याचाही खारीचा वाटा आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. त्याच पूर्व किनाऱ्यासमोर २०१३ साली ओएनजीसीने ‘धीरूभाई डीपवॉटर केजी-१’ या जहाजाकडून ३१६५ मीटर खोल पाण्यात विहीर खोदविली, आणि तेल-वायूसाठी एवढ्या खोल पाण्यातील खोदकाम जगात त्यापूर्वी कोठे झालेले नव्हते. त्या जागी दोन कळसूबाई एकीवर एक उभ्या केल्या, तर वरचीचा जेमतेम सव्वाशे मीटर माथा पाण्याबाहेर दिसेल.

एवढ्या खोल पाण्यावर उभे राहून खाली भोक पाडणाऱ्या जहाजाची यंत्ररचना समजून घेताना माझ्या मनात एका जुन्या धार्मिक प्रश्नाने पुन्हा डोके वर काढले. कर्मात आकंठ गुंतलेला मनुष्य त्या कर्मापासून सुटलेला असू शकतो काय, की अनासक्त कर्म ही निव्वळ शब्दांची कसरत आहे? शंकराचार्यांनी ज्ञान आणि कर्म यांचा समुच्चय नाकारून अखेर संन्यासाकडे बोट दाखविले. टिळकांनी मंडालेच्या सक्तीच्या एकांतात नेमका उलट निवाडा लिहिला आणि तो १९१५ साली ‘गीतारहस्य’ म्हणून प्रसिद्ध झाला. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांना गीता समजावून सांगताना फलत्यागावर भर दिला. या थोरांच्या वादात मध्यस्थी करण्याचा माझा अधिकार नाही. तथापि एक गोष्ट मला नेहमीच खटकत आली आहे, ती ही, की अनासक्ती हा मनाचा गुण आहे, हे दोन्ही पक्ष गृहीत धरून चालतात. आणि मनाचा गुण ऐनवेळी हजर राहील, याचा जामीन कोणी द्यावयाचा, हे कोणीच सांगत नाही.

१९७४ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर ज्या ‘सागर सम्राट’ने तेल शोधून काढले, त्याने आपले लोखंडी पाय समुद्रतळावर रोवलेले होते. उथळ पाण्यात हे शोभते. पाणी हजारो मीटर खोल झाले म्हणजे पाय पोहोचत नाहीत, आणि नांगराचे साखळदंडही आपल्याच भाराने निकामी होतात. १९६१ साली मेक्सिकोच्या किनाऱ्यासमोर अमेरिकन शास्त्रज्ञांनी ‘कस-१’ नावाच्या जहाजावरून सुमारे साडेतीन हजार मीटर पाण्याखाली भोके पाडली, तेव्हा जहाजाच्या चार बाजूंस वळविता येणारे चार पंखे बसवून आणि सुकाणूवाल्याने ते अहोरात्र हाताने फिरवून जहाज एका जागी धरले होते. आज हेच काम संगणक करतो. उपग्रहाकडून येणारी जागा, समुद्रतळावर ठेवलेल्या यंत्रांशी ध्वनीच्या लहरींनी होणारी सवाल-जबाबी, घूर्णदर्शकाने सांगितलेली दिशा आणि वाऱ्याच्या मापकाचा कौल, एवढी सगळी रुजवात करून तो बुडाखालच्या थ्रस्टरांना क्षणोक्षणी हुकूम सोडतो, आणि जहाज नांगरावाचून जागच्या जागी राहते. कोणत्याही एका साक्षीदारावर विश्वास टाकायचा नाही म्हणून घूर्णदर्शक बहुधा तीन असतात. दोहोंचे पटले आणि तिसरा फुटून निघाला तर तिसऱ्याची साक्ष रद्द. क्वचित दोघे मिळून चुकतात आणि एकटा खरा साक्षीदार बहुमताने हाकलला जातो. प्रमाणांची चर्चा करणाऱ्या आपल्या नैयायिकांना हा प्रसंग फार आवडला असता.

गीतेने योग्याच्या चित्तास निवाऱ्यातल्या, वारा न लागणाऱ्या दिव्याची उपमा दिली आहे. या जहाजाला तो निवारा नाही. त्याचे स्थैर्य वाऱ्यातले आहे, आणि वरून निश्चल दिसणाऱ्या त्या स्थैर्याच्या पोटात एक क्षणही उसंत न घेणारी धडपड चाललेली असते. येथवर कोणीही म्हणेल की हे तर कर्मयोगाचे चित्र झाले. परंतु खरी गोम स्थिर राहण्यात नाही, ती जोडणीत आहे.

जहाजाच्या पोटात मधोमध एक चौकोनी विवर असते, त्यास मूनपूल म्हणतात. त्यातून रायझर नावाची पोलादी नळी, पंचवीसेक मीटरांचा एकेक तुकडा जोडीत, समुद्रतळापर्यंत सोडलेली असते. तिच्या आतून खोदणारा ड्रिल पाइप खाली जातो आणि खडकाचा चुरा घेऊन मड वर येते. हे मड म्हणजे माती, पाणी आणि बराइटची जड पूड यांचे असे मिश्रण, की ज्याच्या भाराने भूगर्भातील तेल व वायू दाबून धरले जातात. रायझरचे खालचे टोक विहिरीच्या तोंडावर बसविलेल्या बीओपीत, म्हणजे ब्लोआउट प्रिव्हेंटरमध्ये अडकविलेले असते. तीन-चारशे टन वजनाची ही लोखंडी थप्पी दुमजली असते. खालचा मजला विहिरीच्या मालकीचा, वरचा जहाजाच्या. दोहोंमध्ये तेलाच्या दाबाने उघडणारी एक कडी. या कडीवर माझी दृष्टी खिळून राहिली. थ्रस्टर बंद पडले किंवा तुफानापुढे त्यांचे चालेनासे झाले आणि जहाज आपल्या जागेवरून ढळू लागले, तर नियंत्रणकक्षाच्या पडद्यावर आखलेले पिवळे वर्तुळ ओलांडताच सावधगिरीचा इशारा होतो आणि तांबडे वर्तुळ ओलांडताच एक कळ दाबावयाची असते. त्या एका कळीसरशी खालच्या मजल्यातील पोलादी पाती एकमेकींवर येऊन ड्रिल पाइप कापतात, विहिरीचे तोंड मिटवितात, आणि मग कडी उघडून वरचा मजला रायझरसकट मोकळा होतो. हा सारा कारभार सुमारे एका मिनिटात आटोपावा लागतो.

आमच्याकडे गोठ्यात जनावर दावणीला बांधतात ते सुरगाठीने, निरगाठीने नव्हे. रात्रभर बैलाने हिसके दिले तरी ती सुटत नाही, आणि गोठ्याला आग लागली तर धुरात चाचपडणाऱ्या हाताच्या एका ओढीत सुटते. म्हणजे ती कच्ची नसते. धरण्यात ती निरगाठीइतकीच पक्की असते. फरक एवढाच, की सोडण्याची तजवीज ती बांधतानाच झालेली असते, आणि आग लागल्यावर निरगाठीची सुरगाठ करता येत नाही. अनासक्तीविषयी मला जे म्हणावयाचे आहे ते एवढेच: ती संबंधाचा सैलपणा नव्हे, किंवा प्रसंग आल्यावर मनात उत्पन्न करावयाचे वैराग्यही नव्हे. संबंध जोडताना जोडणीत काय बसविले, यावर ती ठरते.

आणि जोडणीत काय बसवावयाचे, याचा क्रमही या यंत्राने नेमका लावून दिला आहे. आधी पाइप कापणे, मग विहीर मिटविणे, आणि सर्वांत शेवटी सुटणे. हा क्रम उलटला, जहाज आधी सुटले आणि तोंड उघडे राहिले, तर जहाज वाचेल, पण समुद्र नासेल. खोल पाण्यात तर आणखी एक अडचण असते. रायझर भरून उभा असलेला हजारो मीटरांचा मडाचा स्तंभ विहिरीवर भार देत असतो. रायझर सुटताच तो स्तंभ नाहीसा होऊन त्याच्या जागी हलके समुद्रपाणी येते आणि विहिरीवरचा दाब एकदम उतरतो. उथळ पाण्यात मड मुळातच थोडे जास्त जड ठेवून या घटीची बेगमी करता येते. खोल पाण्यात तेवढे जड मड खालचा खडकच फोडील, म्हणून ती बेगमी बहुधा करताच येत नाही. आपण निघून गेल्यावर आपल्या असण्याचा भारही निघून जातो, आणि मागे राहिलेल्याला तो नसताना तग धरावयाचा असतो, हा हिशेब संन्यास घेणाऱ्यांपैकी कितीजण करतात?

धर्मशास्त्राने तो केला होता. तीन ऋणे फेडल्यावाचून मोक्षाकडे मन लावू नये, असे मनुस्मृती बजावते. तरीही जोडणी न मिटविता सुटण्याचा मोह कोणाला झाला नाही असे नाही, आणि मराठी माणसाला त्याचे उदाहरण शोधण्यास लांब जावे लागत नाही. संसार मागे टाकून ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत यांनी काशीस संन्यास घेतला. आळंदीस पत्नी रखमाबाई होत्या, त्यांची खरी संमती नव्हती. आणि ही हकीकत कळताच गुरूंनी शिष्याला परत घरी पाठविले, असे परंपरा सांगते. त्या गुरूंविषयी मला फार आदर वाटतो. उघड्या विहिरीवरून सुटून आलेले जहाज त्यांनी आपल्या बंदरात ठेवून घेतले नाही.

उलट बाजूचे, म्हणजे सुटावयाचे तेव्हा न सुटण्याचे, उदाहरण २० एप्रिल २०१० च्या रात्रीचे आहे. मेक्सिकोच्या आखातात सुमारे १५०० मीटर पाण्यावर ‘डीपवॉटर होरायझन’ हे तरंगते रिग, याच थ्रस्टरांच्या पद्धतीने जागा धरून, मॅकाँडो विहिरीवर काम करीत होते. विहीर उसळली, वायू डेकवर आला आणि स्फोटात ११ माणसे गेली. सुटण्याची कळ स्फोटानंतर दाबली गेली. पटलावरचे दिवे लागले, परंतु खाली काही हलले नाही, कारण खाली हुकूम नेणारी दोरखंडासारखी तार बहुधा आधीच तुटली होती. कळ कोणाच्या हुकमाने दाबावयाची, यावरही त्या क्षणी घोळ होता, असे चौकशीत दिसून आले. संबंध तुटल्यास खालच्या यंत्राने स्वतःच विहीर मिटवावी, अशी शेवटची तरतूदही होती, आणि तिच्यासाठी निळी व पिवळी अशी दोन स्वतंत्र नियंत्रणे होती. निळ्याची बॅटरी चुकीच्या जोडणीमुळे उतरलेली होती. पिवळ्यातील एका झडपेच्या दोन गुंडाळ्या एकमेकींविरुद्ध जोडल्या गेल्या होत्या, त्यामुळे तेही निकामी व्हावयाचे. पण तेथे एक बॅटरी मेलेली असल्याने विरुद्ध ओढणारी गुंडाळी गप्प राहिली, आणि दोन चुका एकमेकींना छेदून यंत्र चालले, असा चौकशी करणाऱ्यांचा निष्कर्ष आहे. पाती मिटली खरी. मात्र आतील दाबाने पाइप वाकून पात्यांच्या मध्यावरून बाजूस सरकला होता, म्हणून विहीर मिटली नाही, आणि तेल ८७ दिवस वाहत राहिले. आपल्याकडेही, मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ येत असल्याचे ठाऊक असताना मुंबई हायजवळ राहिलेला ‘पी-३०५’ हा कामगारांच्या निवासाचा बार्ज नांगर तुटून भरकटला व बुडाला, आणि सत्तरांहून अधिक माणसे गेली.

कोणी म्हणेल, यंत्राला आसक्ती नसते, तेव्हा त्याच्यावरून अनासक्तीचा विचार करणे म्हणजे पाषाणाच्या मौनावरून मौनव्रताचा विचार करण्यासारखे आहे. आक्षेप रास्त आहे. पण कळीवरचे बोट यंत्राचे नसते. विहिरीवर अमाप पैसा ओतलेला असतो, जहाजाचे दर दिवसाचे भाडे डोळ्यांसमोर नाचत असते, आणि एकदा सुटले की पुन्हा जुळावयास दिवसच्या दिवस जातात. म्हणून पडद्यावरचा ठिपका तांबड्या वर्तुळाकडे सरकत असताना, ‘थोडे थांबू, वारा पडेल’ असे ज्याला वाटते तो माणूस असतो. याकरिता शहाण्या जहाजांवर कळ दाबण्याची मुखत्यारी पहाऱ्यावरील अधिकाऱ्यास आधीच लेखी दिलेली असते. त्याने कप्तानाला शोधीत बसावयाचे नसते. वर्तुळ शांत हवेत आखलेले असते, आणि वादळात ते पुसून मोठे करण्याची मुभा कोणालाच नसते. आमच्या तालुक्यातच, विशाळगडाच्या वाटेवरील खिंडीत, जुलै १६६० मध्ये बाजीप्रभूंनी वाट अडवून धरली, त्याचे शौर्य आपण सर्वजण गातो. पण तोफांचे आवाज होईपर्यंत धरावयाचे आणि ते झाले की धरणे संपले, हा करार लढाईपूर्वी ठरला होता, असे जे सांगतात त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. धरण्याची हद्द अगोदर ठरलेली होती म्हणूनच त्या धरण्याला सर्वस्व देता आले, असे मला वाटते.

राहता राहिली परतीची गोष्ट, आणि तेथे मात्र यंत्र शास्त्राच्या पुढे गेलेले दिसते. वादळ ओसरल्यावर जहाज आपल्या जागी परत येते; दूरनियंत्रित पाणयंत्र खाली उतरून विहिरीचे तोंड तपासते; रायझरचा एकेक तुकडा पुन्हा जोडीत वरचा मजला खालच्यावर आणून बसवितात, कडी मिटते, आणि मिटलेली विहीर हळूहळू, दाब मोजीत, उघडली जाते. सुटण्याइतकीच पुन्हा जुळण्याची तरतूदही त्या कडीत मुळापासून आहे. संन्यास सोडून गृहस्थाश्रमात परतलेले विठ्ठलपंत मुलांच्या मुंजीसाठी ब्रह्मवृंदापुढे उभे राहिले, तेव्हा शास्त्राचे सारे दप्तर उलगडूनही त्यांच्यासाठी देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरी तरतूद निघाली नाही.