गुरूचा हक्क

विद्यादान हा शब्द आपण इतक्या सहजपणें वापरतों कीं, त्यांतील ‘दान’ या पदाचा अर्थ ध्यानांतून सुटतो. दान दिल्यावर त्या वस्तूवर दात्याची सत्ता उरत नाहीं. मग ज्यानें विद्या दिली त्याचा विद्यार्थ्यावर कांहीं हक्क राहतो काय, आणि राहत असल्यास तो कोणत्या स्वरूपाचा?

प्रश्न जुना आहे. पण त्यास अलीकडे नवें निमित्त मिळालें आहे. म्हसवडसारख्या गांवीं जन्म काढलेला शिक्षक निवृत्तीनंतर विलायत पाहावयास निघतो. पूर्वीचा विद्यार्थी त्यास विमानतळावर घ्यावयास येतो, घरीं ठेवून घेतो, वस्तुसंग्रहालयें व विद्यापीठें हिंडवून दाखवितो आणि निरोपाच्या वेळीं बायकामुलांसह पायां पडतो. गुरुजींचे डोळे भरून येतात. यांत गैर कांहींच नाहीं. तथापि त्या अश्रूंत कृतार्थता किती आणि मालकी किती, याची छाननी विचारी माणसानें करावी. ‘हा मीं घडविला’ हें वाक्य उच्चारावयास गोड, पण तपासावयास कठीण आहे. त्याच वर्गांत, त्याच गुरुजींच्या हाताखालीं शिकून जो मेंढरें राखावयास गेला, त्याच्याविषयीं तें कोणी उच्चारीत नाहीं.

रघुवंशांतील कौत्साची कथा वाचकांस ठाऊक आहे. वरतंतूंनीं शिष्याची सेवा हीच दक्षिणा मानून त्यास मोकळें केलें होतें. त्यानेंच पुनःपुन्हा आग्रह धरला, तेव्हां रागावून त्यांनीं चौदा विद्यांबद्दल चौदा कोटि मागितले. यावरून एवढें दिसतें कीं, दक्षिणा ही शिष्याच्या मनाची गरज आहे, गुरूचें येणें नव्हे. याउलट द्रोणांनीं एकलव्याचा अंगठा मागितला, तेव्हां जी विद्या दिलीच नव्हती तिचेंही मोल वसूल झालें. म्हणून त्या कथेंत आपलें मन शिष्याच्याच बाजूस उभें राहतें.

महाराष्ट्रांत या प्रश्नाचें उत्तर आचरणानें देणारे एक गृहस्थ होऊन गेले. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९१ पासून १९१४ पर्यंत फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविलें, आणि १९२९ सालीं, सत्तरीच्या वयांत, परदेशचा प्रवास आरंभिला. युरोप, अमेरिका, जपान हे देश त्यांनीं पाहिले. पुढें आफ्रिकेंतही एक वर्षाहून अधिक काळ ते हिंडले. या प्रवासांत त्यांनीं मदत मागितली ती स्वतःसाठीं नव्हे, तर १९१६ सालीं स्थापिलेल्या महिला विद्यापीठासाठीं. त्यांचेच विद्यार्थी रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ सालीं केंब्रिज येथें सीनियर रँग्लर झाले, आणि स्वदेशीं परतून फर्ग्युसन कॉलेजांतच अल्प वेतनावर शिकवूं लागले. येथें ऋण फिटलें खरें. परंतु तें कर्व्यांच्या हातीं पडलें नाहीं, पुढच्या मुलांच्या हातीं पडलें. आपल्या शास्त्रकारांनीं ऋषिऋण सांगितलें तेंही असेंच. तें फिटतें अध्ययनानें व अध्यापनानें. ऋषींस कांहीं आणून देण्यानें नव्हे.

यावर म्हसवडचा मनुष्य म्हणेल, ‘हें सर्व उदात्त आहे, पण आमचें पोर परत येत नाहीं त्याचें काय?’ जेथें माणगंगेचें पात्र वर्षांतील बहुतेक महिने कोरडें असतें, तेथें आईबापांनीं व गांवानें पोटास चिमटा घेऊन एकेक मुलगा शिकविला. हा आक्षेप गुरूच्या हक्काहून भारी आहे, आणि तो हंसून टाळतां येणार नाहीं. म्हसवडजवळ राजेवाडीचा तलाव आहे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत उभारलेला. पाणी येथें अडतें. भिजतें तें शिवार खालच्या अंगाचें. दूर पिकलें म्हणून तलावानें कुरकुरूं नये, हें ठीक. परंतु त्यांत गाळ सांचूं लागला तर तो काढण्याची काळजी पीक घेणाऱ्यानेंच वाहिली पाहिजे. नाहींतर एके दिवशीं पीकही राहणार नाहीं.

तात्पर्य, गुरूचा हक्क गुरूच्या देहापाशीं संपतो; शाळेचा हक्क मात्र संपत नाहीं. विद्यार्थ्याच्या घरीं उतरलेल्या गुरुजींनीं तेथील पाहुणचार आनंदानें घ्यावा, स्वतःसाठीं कांहीं मागूं नये, आणि ज्या वर्गांत तो विद्यार्थी बसत असे तेथें आज बसणाऱ्या मुलांसाठीं मागावयास संकोचूंही नये.