घाटाखालचे चर्च, घाटावरचे चर्च

कसाऱ्याला लोकल संपते. लांब पल्ल्याच्या गाड्यांना इथे मागून जादा इंजिने लागतात, कारण पुढे इगतपुरीपर्यंतचा चढ सदतीस फुटांना एक फूट असा आहे. आमच्याकडे 'घाटाखाली' आणि 'घाटावर' हे दोन शब्द सगळ्याला पुरतात. खाली भात, वर बाजरी. खालची बोली वेगळी, वरची वेगळी. सोयरीक जुळवतानाही आधी हेच विचारले जाते. महाराष्ट्रातला ख्रिस्ती धर्मसुद्धा याच रेषेवर दुभंगलेला आहे, ही गोष्ट मात्र आपल्या ध्यानात नसते. 'ख्रिश्चन' म्हटले की एकच चित्र डोळ्यांपुढे येते आणि ते बहुधा मुंबईचे, इंग्रजी बोलणारे असते.

घाटाखालची गोष्ट पोर्तुगीजांपासून सुरू करायची आपली सवय आहे. ती चुकीची आहे. १३२१ साली, म्हणजे वास्को द गामा कालिकतला उतरण्याच्या पावणेदोनशे वर्षे आधी, ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. तोलेंतीनोचा थॉमस हा त्यांतला प्रमुख. जॉर्दानुस नावाच्या डोमिनिकन साधूने त्यांचे दफन केले आणि पुढे आलेल्या ओदोरिक या साधूने त्यांच्या अस्थी थेट चीनला नेल्या. त्या काळच्या वृत्तान्तांत ठाण्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांचा उल्लेख येतो. ते नेस्तोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या परंपरेतले होते, रोमचे नव्हते. सहाव्या शतकातल्या कॉस्मस या प्रवाशाने 'कल्लियाना'त बिशप असल्याचे लिहिले आहे. ते आपले कल्याण की केरळातले कोल्लम, यावर विद्वानांचे एकमत नाही. पण १९८८ मध्ये केरळच्या सिरो-मलबार पंथाने कल्याणला धर्मप्रांत स्थापन केला, तेव्हा पूर्वेकडची ती परंपरा या भागात पुन्हा नांदू लागली, असे म्हणायला हरकत नाही.

पोर्तुगीज आले आणि १५३४ च्या तहाने वसई त्यांच्याकडे गेली. तिथले धर्मांतर राजसत्तेच्या सावलीत झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण खरी परीक्षा नंतर झाली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा तहातच होती. फिरंगी पाद्री गेले आणि गोव्याचे देशी धर्मगुरू देवळे सांभाळू लागले. राजा गेला, तोफा गेल्या, पण चर्च उरले. जे केवळ धाकाने उभे असते ते धाक संपल्यावर कोसळायला हवे होते. वसईत तसे झाले नाही, कारण तोवर धर्म गावकीत मुरला होता. जातीही तशाच मुरून राहिल्या: सामवेदी, वाडवळ, कोळी, आगरी, प्रत्येकाची बोली आणि पेहराव वेगळा. घाटाखालच्या चर्चने माणसांना गावातून उचलले नाही. अख्खे गाव आहे तसे आत घेतले. त्यात उबही आली आणि विषमताही.

मात्र उपासना लॅटिनमध्ये होती. शेत, लग्न, भांडण सारे आपल्या बोलीत आणि देवाशी बोलणे परक्या भाषेत, अशी स्थिती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६० च्या दशकापर्यंत टिकली. आश्चर्य असे की याच चर्चच्या पोटात, गोव्यात, थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये रायतूर इथे 'ख्रिस्तपुराण' छापले. दहा हजारांहून अधिक मराठी ओव्या, पण रोमन लिपीत. देशी भाषेला आणि पुराणाच्या घाटाला इतका मान दिलेल्या त्याच सत्तेने १६८४ मध्ये देशी भाषा मोडून काढण्याचा हुकूम काढला. एकाच संस्थेचे हे दोन हात, आणि उजव्याने दिलेले डाव्याने काढून घेतले.

घाटावर चित्र उलटे आहे. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले अमेरिकन मिशनरी १८३१ साली नगरला गेले. त्यांच्या पाठीशी राजा नव्हता. कंपनी सरकारने तर त्यांना आधी हुसकावण्याचाच प्रयत्न केला होता. त्यांच्या हाती शाळा आणि छापखाना होता. १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघाले, मराठीत. इथे गाव आत आले नाही. गावकुसाबाहेरची माणसे आली, मुख्यतः महार आणि मांग, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत ती मोठ्या संख्येने आली. अन्नासाठी बाटले, अशी टीका तेव्हाही झाली आणि आजही होते. मला ती पोटभरल्या माणसाची टीका वाटते. ज्याला गावच्या विहिरीवर चढता येत नव्हते, त्याने धान्याबरोबर बसायला समान बाक स्वीकारला असेल, तर त्याला भोळा कसे म्हणायचे?

नाशिकजवळची शरणपूरची मिशन वसाहत १८५४ च्या सुमाराची. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकी मुले तिथल्या मिशनशाळेत शिकत. मुंबईहून नाशिकचा रस्ता कसारा-इगतपुरीच्या याच थळघाटातला. तिथे शिकलेला जेकब वेनराइट आफ्रिकेतला मिशनरी-संशोधक लिव्हिंग्स्टन याचा मृतदेह घेऊन इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याने शवपेटीला खांदा दिला. आमच्या शहापूर तालुक्याच्या इतिहासात या मुलांची नोंद असायला हवी. ती कुठे दिसत नाही.

घाटावरच्या चर्चला स्वतःचा आवाज सापडला तो कवी नारायण वामन टिळकांमुळे. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा पाच वर्षांनी. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची धारणा होती. अभंग, कीर्तन, टाळ-मृदंग घेऊन ते चर्चमध्ये शिरले आणि मराठी उपासनेत अजूनही त्यांची गीते गातात. 'ख्रिस्तायन' हे काव्य त्यांनी सुरू केले, पण पुढचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. ज्या बाईला शाळा ठाऊक नव्हती, जिने सोवळेओवळे आधी मनातून आणि मग स्वयंपाकघरातून हळूहळू काढून टाकले, तिने. धर्मांतर एका दिवसात होत नाही, हे लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचल्यावर जितके कळते तितके धर्मशास्त्राच्या ग्रंथांतून कळत नाही.

आता मधला पट्टा, शहापूर आणि मुरबाड. पोर्तुगीजांचा अंमल खाडीच्या काठाकाठाने होता, माहुलीच्या डोंगरांपर्यंत तो आला नाही. नगरचे मिशन सह्याद्रीच्या पलीकडे राहिले. इथे चर्च आले ते रुळांवरून. १८६१ मध्ये लोहमार्ग कसाऱ्यापर्यंत पोहोचला आणि १८६५ मध्ये घाट चढला. त्याबरोबर इंग्रज, अँग्लो-इंडियन, गोवेकर ड्रायव्हर आणि गार्ड आले, आणि इगतपुरीच्या वसाहतीत त्यांच्यासाठी प्रार्थनामंदिरे उभी राहिली. ते चर्च बदलीच्या नोकरदारांचे होते. शेजारच्या पाड्यात काय बोलतात, हे जाणून घेण्याची त्याला गरजच पडली नाही. 'चर्च म्हणजे इंग्रजी' ही आमच्याकडची समजूत तिथून आली असावी. पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा काही जणांना धक्का बसला, त्याचे मूळही याच समजुतीत आहे. चारशे वर्षांपूर्वी ओव्या रचणाऱ्या परंपरेला मराठीत पाहुणे ठरवणे हे आपले अज्ञान आहे, अपमान त्यांचा नाही.

पण टिळकांच्या पुलाबद्दलही एक शंका घ्यायला हवी. तुकाराम ज्यांचा आहे त्यांनाच तो पूल उपयोगी. आमच्याकडचे ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांतले काही जण पंढरीची वारी करतात, पण अनेकांचा देव वाघ्या आहे, हिरवा आहे, आणि दुखण्याखुपण्याला आधी भगत लागतो. त्यांना अभंग हासुद्धा घाटावरून आलेला पाहुणाच. लॅटिनऐवजी प्रमाण मराठी आली, तरी पाड्यातल्या म्हातारीच्या दृष्टीने फरक फार पडत नाही. हा आक्षेप चर्चपुरता नाही. इथे येणारा प्रत्येक धर्मसुधारक, शाळामास्तर आणि पुढारी वरच्या भाषेतच बोलत आला आहे.

कायद्याने घाटावरच्या आणि घाटाखालच्या ख्रिस्तींमधली दरी आणखी रुंदावली आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी मुख्यतः हिंदूंना होता. १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांनाही मिळाला, ख्रिस्ती झालेल्या दलितांना अजून नाही. अनुसूचित जमातीला मात्र धर्माची अशी अट नाही. म्हणजे नगरच्या एखाद्या महाराच्या पणजोबाने दुष्काळात बाप्तिस्मा घेतला असेल तर आज त्याचा दाखला नाकारला जातो, आणि शहापूरचा ठाकूर ख्रिस्ती झाला तरी त्याचा दाखला कायम राहतो. गावकुसाबाहेरचे घर धर्म बदलून गावात येत नाही, हे घाटावरचा प्रत्येक ख्रिस्ती जाणतो. त्याच्या चर्चमध्येही महारांचे बाक आणि मांगांचे बाक ही कुजबुज संपलेली नाही. चर्चचे लोक सवलत मागताना जात आहे म्हणतात आणि वेदीपुढे जात नाही म्हणतात. दोन्ही एकाच वेळी खरे आहे, आणि सरकारी अर्जात त्यासाठी रकाना नाही.