गारवा कोणाचा, झळ कोणाला

पंढरपुरात गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत विठ्ठलाला चंदनाची उटी लावतात. गावोगावी महादेवाच्या पिंडीवर गळती टांगलेली असते. थेंब थेंब पाणी दिवसभर पडत राहतं. शीत-उष्णाच्या पलीकडचा म्हणून ज्याला पुजायचं, त्याला वैशाख सोसणार नाही ही काळजी भक्तांनीच वाहिली. तेव्हा एसी म्हणजे देहाचे चोचले, असं धर्माच्या नावाने सुनावणाऱ्याने आधी या उटीचं काय करायचं ते सांगावं.

अर्थात त्याच्याही बाजूने शास्त्र आहेच. थंडी-ऊन येतात आणि जातात, ती सोस, असं कृष्ण गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनाला सांगतो. वेदान्ताने साधकाच्या षट्संपत्तीत तितिक्षा, म्हणजे सोसणं, मोजली. जैनांच्या बावीस परीषहांत शीत आणि उष्ण दोन्ही आहेत, आणि ते केवळ पोथीत राहिलेले नाहीत. मुंबईच्या मे महिन्यातही जैन साधू-साध्वी पंखा लावत नाहीत. त्यामागे निव्वळ देह कसणं नाही. हवेचाच देह असलेले ‘वायुकाय’ जीव असतात आणि पंख्याने त्यांची हिंसा होते, ही त्यांची धारणा. धारणा पटो न पटो, ‘मला किती सोसवतं’ या प्रश्नाबरोबर ‘माझ्या गारव्यापायी दुसऱ्या कोणाला काय होतं’ हाही प्रश्न ती विचारते.

मात्र सोसण्याला देहाची हद्द आहे, आणि ती श्रद्धेने सरकत नाही. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. हवेत दमटपणा वाढला की तो वाळत नाही आणि उष्णता आत साचत जाते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानात ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्काराचा सोहळा झाला. पुरस्कारविजेत्यांचे लाखो अनुयायी, श्रीसदस्य, तासन्‌तास उन्हात बसले होते. पारा ३८ अंशांच्या आसपास, म्हणजे विदर्भाच्या हिशेबात काहीच नाही. तरी १४ जण दगावले. व्यासपीठावर छप्पर होतं. समोरच्या गर्दीवर नव्हतं. तितिक्षा ज्याची त्याने पत्करायची असते. ती दुसऱ्याच्या डोक्यावर लादली की तिला निष्काळजीपणा म्हणतात.

मग एसी हवाच का? हे गावावर ठरतं आणि माणसावरही. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हात वाळ्याचा कूलर घर थंड करतो. तोच कूलर मुंबईत लावला तर खोलीत नुसता दमटपणा भरतो. धडधाकट तरुणाला जिथे पंख्यावर झोप लागते, तिथे हृदयविकार असलेल्या आजींच्या जिवावर बेतू शकतं. पंख्यालाही मर्यादा आहे: हवाच ४० अंशांच्या वर गेली की तो वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण मग तो अंगावर भट्टीच ओततो. पत्र्याच्या खोलीत दुपार काढणाऱ्या बाळंतिणीला ‘निसर्गाशी जुळवून घ्या’ म्हणणं सोपं आहे, विशेषतः म्हणणारा गार खोलीत बसलेला असेल तेव्हा.

खरा पेच पुढे आहे. एसी थंडी निर्माण करत नाही; तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो आणि त्यात स्वतःची भर घालतो. ती झळ गल्लीत जाते, खालच्या टपरीवाल्याच्या, रिक्षावाल्याच्या तोंडावर. विजेचंही तसंच. राज्याच्या विजेचा मोठा वाटा कोळशावर तयार होतो आणि महानिर्मितीचं सर्वांत मोठं औष्णिक केंद्र, २,९२० मेगावॅटचं, चंद्रपूरला आहे. उन्हाळ्यात ४५ अंश ओलांडणाऱ्या शहरांत चंद्रपूरचं नाव अनेकदा असतं. पुण्यात कोणी १८ अंशांवर यंत्र लावून दुलई पांघरून झोपतं, तेव्हा राख कोणाच्या अंगणात पडते, हा प्रश्न जैन मुनीच्या प्रश्नापासून फार लांबचा नाही.

आपल्याकडच्या उन्हाळी धर्मात गारवा मुख्यतः द्यायची वस्तू होती. अक्षय्य तृतीयेला उदककुंभ द्यायचा, छत्री द्यायची, वाहणा द्यायच्या, पंखा द्यायचा. रस्त्यावर पाणपोई घालायची, तीही तहानलेल्याची जात-गोत न विचारता. निदान पोथीत तरी. गाव प्रत्यक्षात विचारायचं, हे विसरून चालणार नाही. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला.

द्यायचा गारवा आज कसा दिसतो, ते शिर्डीत पाहावं. साईबाबा तिथे एका पडक्या मशिदीत राहिले. त्याच गावात २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नवं दर्शनरांग संकुल सुरू झालं: दहा हजारांहून अधिक भाविकांना बसता येईल अशी दालनं, आणि वातानुकूलित सोयी. फकिराच्या गावात हा थाट कशाला, अशी कुरकूर करता येईल. पण रात्रभर एसटीने आलेली म्हातारी जिथे तासन्‌तास ताटकळते, तिथे गारव्यावर झालेला खर्च उदककुंभाच्याच खात्यात जमा धरायला हरकत नाही. एसी लावताना पारा १८ वर न नेता २६ वर ठेवला, तरी तिचं भागतं.